घरामागील जागेत पहिला भाजीचा मळा: सुरुवात कशी करावी?

प्रश्न: फोंड्याजवळ आमच्या घरामागे सुमारे 50 चौरस मीटर जागा रिकामी आहे. माती तांबडी, जांभ्याची आहे. मला शेतीचा काहीच अनुभव नसल्यामुळे नोव्हेंबरपासून काय लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: सगळी जागा एकदम खणू नका, पहिल्या वर्षी दोन वाफे पुरेत. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पावसाने तिच्यातील अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी थोडा शेतीचा चुना मिसळून नंतर कुजलेले शेणखत घालावे. पहिले पीक तांबड्या भाजीचेच (लाल माठाचे) घ्या. ती महिन्याभरात हाती येते आणि नवख्या माणसाला धीर देते. मग मुळा, अळसांदे (गोव्यातील चवळी).

उत्तर 2: वांग्याबाबत मात्र सावध राहा. माझी फळांवर आलेली रोपे, पाने हिरवी असतानाच, काही दिवसांत माना टाकून गेली. तो मातीतून येणारा जिवाणूजन्य मर रोग होता. रोगट खोड कापून स्वच्छ पाण्यात धरल्यास पांढरट धार उतरते, ही त्याची खूण. अशा वाफ्यात मिरची आणि टोमॅटोही लावू नयेत.

उत्तर 3: जुन्या गोव्यातील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारे वांग्याचे वाण तयार केले आहेत. रोपे घेण्यापूर्वी तिथे अवश्य चौकशी करावी.