मदत हवी आहे : आईला घेऊन इंदूरचा सराफा कसा पाहावा?

नमस्कार. डिसेंबरमध्ये मी दोन दिवस इंदूरला जाऊन आलो. आता फेब्रुवारीत 73 वर्षांच्या आईला घेऊन पुन्हा जाण्याचा विचार आहे. परंतु पहिल्या भेटीचा अनुभव संमिश्र असल्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सकाळचे पोहे मनापासून आवडले : वाफेवर गरम ठेवलेले, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावन (इंदुरी मसाला) भुरभुरवलेले, सोबत जिलबी. दिवसा जिथे दागिने विकले जातात आणि रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात, त्या सराफ्यात खाल्लेला गराडू (तळलेला कंद) तर अजून जिभेवर आहे. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ, वर मसाला आणि लिंबू! भुट्ट्याचा कीसही उत्तम होता.

मात्र साडेनऊनंतर गर्दी इतकी वाढली की बशी हातात धरून उभे राहणेही कठीण झाले, आणि एका गाडीवरचा मालपुवा जळक्या तुपाच्या वासामुळे टाकून द्यावा लागला, याचे फार वाईट वाटले. आईचे गुडघे दुखतात; तिला अर्धा तासही उभे राहवत नाही.

सराफ्यात आठच्या सुमारास गेल्यास पुरेशी दुकाने लागलेली असतात का? तिथे किंवा राजवाड्याच्या बाजूला ज्येष्ठांना निवांत बसून खाता येईल अशी जागा आहे का, की त्यापेक्षा छप्पन दुकान ही इंदूरची दुसरी खाऊगल्ली सोयीची पडेल? शिवाय, गराडू हिवाळ्यातला पदार्थ असल्याने फेब्रुवारीच्या अखेरीस तो चांगला मिळतो का, हेही कृपया कळवावे. आईला तो खाऊ घालायचाच आहे.