'ऑटोफॅजी'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादवाली: मंडळी, डुक्करपालकांसाठी विषाणूजन्य आजारांचं माहितीपत्रक मराठीत करतेय, त्यात ऑटोफॅजी आलंय. मी 'आत्मभक्षण' लिहून मोकळी झाले. मसुदा एका डुक्करपालक दादांना वाचायला दिला तर त्यांचा फोन, "ताई, आमची डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावतात, ते हेच का?" आता काय लिहू?

शुद्धलेखी: 'स्वभक्षण' लिहा. ग्रीकमध्ये ऑटो म्हणजे स्वतः, फॅगेन म्हणजे खाणे. १९६३ मध्ये शास्त्रज्ञ द दूव यांनी हा शब्द घडवला तो याच अर्थाने. वाचकाला कळत नाही म्हणून परिभाषा सोडायची नसते.

गुरांचा डॉक्टर: शब्द बरोबर आहे हो, पण गैरसमज तिथेच होतो. पेशी आपलंच मोडकंतोडकं सामान दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत भरते आणि लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, नेऊन विरघळवते, त्यात विषाणू सापडला तर तोही गेला, इथवर ठीक. पण पीआरआरएस या डुकरांच्या श्वसन-प्रजननाच्या आजाराचा विषाणू घुसतो फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये, जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशीत, म्हणजे चोर थेट चौकीतच, आणि तिथे ऑटोफॅजी वाढली की पैदास त्याचीच वाढते. क्लासिकल स्वाइन फीव्हरचंही तेच, लॅबमध्ये बाधित पेशींची ऑटोफॅजी दाबली की इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरोधी प्रोटीन, जास्त बनतं. आणि आसामात २०२० ला आला तो आफ्रिकन स्वाइन फीव्हर, त्याचं एक प्रोटीन ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या बेक्लिन-१ प्रोटीनला धरून ऑटोफॅजीला उलट लगाम घालतं. आता कोण कोणाला खातंय सांगा! 'प्रतिकारशक्ती वाढवणारी क्रिया' एवढं मात्र लिहू नका.

मूसवाला: आमच्यात जुनी पाटली मोडीत आली की मुशीत आटवतात, घट धरायची, उरलेल्या सोन्यात नवीन बांगडी. पेशी तेच करतेय ना? 'पेशीतली आटणी' म्हणा की.

शुद्धलेखी: पेशी म्हणजे सराफकट्टा नव्हे.

मूसवाला: आणि खानावळ आहे का मग?

पोटोबा: २०१६ ला ऑटोफॅजीच्या संशोधनासाठी ओसुमींना नोबेल मिळालं तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर एकादशीला 'उपवास करा, ऑटोफॅजी होते' असा फॉरवर्ड येतो. त्या माणसाने यीस्टवर काम केलं, साबुदाण्याच्या खिचडीवर नाही.

धातुपाठी: गंमत सांगू का, फॅगेन आणि आपला भज् धातू एकाच मुळाचे, मूळ अर्थ वाटणे, वाटा. भज् वरून भाग, भक्त. संस्कृतात भक्त म्हणजे शिजवलेलं अन्नसुद्धा, त्याचं प्राकृतात भत्त आणि मराठीत भात. म्हणजे ऑटोफॅजीतली फॅजी आणि आपला वरणभात चुलत भावंडं.

शुद्धलेखी: चला, म्हणजे 'भक्षण'च शुद्ध ठरलं.

धातुपाठी: मी भाताचं बोलत होतो.

पोटोबा: भत्ता पण तिथलाच का? प्रवासभत्ता वगैरे?

धातुपाठी: तोही भक्तवरूनच, आधी अन्न, मग अन्नाचे पैसे.

मूसवाला: आणि भेळभत्त्यातला?

अनुवादवाली: अहो उद्या सकाळी छापायला द्यायचंय. सध्या 'ऑटोफॅजी' तसंच ठेवलंय, पुढे 'पेशीची आतली मोडतोड-आवराआवर' असं लिहिलंय, आणि शेपट्यांचा वेगळा परिच्छेद टाकलाय. 'आवराआवर' चालेल का?

पोटोबा: भेळभत्ता नगरचाच. धुळ्याचे लोक काहीही म्हणोत.