अनुभव धागा: प्लेम प्रकरणावर वाद घालताना काय तपासावं, गाडी कुठे घसरते

अमेरिकेच्या सीआयएमधल्या अधिकारी व्हॅलेरी प्लेम यांचं नाव 14 जुलै 2003 रोजी रॉबर्ट नोव्हॅक यांच्या स्तंभात छापून आलं. इतकी वर्षं झाली, तरी बुश समर्थक आणि विरोधक समोरासमोर बसले की तेच दोन-चार आरोप पुन्हा टेबलावर येतात (नवऱ्याने इराक युद्धाच्या कारणांवर टीका केली म्हणून सरकारने सूडाने नाव फोडलं, की यात गुन्हा झालाच नाही), आणि तिकडच्या आपल्या मराठी मंडळींच्या घरगुती गप्पाही त्याला अपवाद नाहीत. ज्यांनी या प्रकरणाचे कागद नीट वाचलेत त्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. कुठला कागद, कुठली तारीख, वादात नेमकी चूक कुठे होते, एवढंच लिहा.

तारीखवार

पहिलं काम म्हणजे एका कागदावर तारखा उतरवून काढा. त्याशिवाय तोंड उघडू नका, असंच मी म्हणेन. फेब्रुवारी 2002 अखेर माजी राजदूत जोसेफ विल्सन, म्हणजे प्लेम यांचे पती, इराकने तिथून युरेनियम घेतलं का हे तपासायला सीआयएच्या वतीने नायजरला गेले. 28 जानेवारी 2003 रोजी बुश यांनी भाषणात ते प्रसिद्ध सोळा शब्द उच्चारले: इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत होता, असं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. मार्चमध्ये युद्ध सुरू. 6 जुलैला युरेनियमच्या दाव्यावर टीका करणारा विल्सन यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये. 11 जुलैला सीआयएचे संचालक टेनेट यांनी ते शब्द भाषणात यायला नको होते हे मान्य केलं. 14 जुलैला नोव्हॅक यांचा स्तंभ.

आता दुसरा रकाना पाडा, 'कोण कोणाला बोललं' यासाठी. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज 13 जूनला पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्याशी बोलले आणि 8 जुलैला नोव्हॅक यांच्याशी. उपाध्यक्ष चेनी यांचे मुख्य सहायक 'स्कूटर' लिबी 23 जूनला न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकार ज्युडिथ मिलर यांना भेटले, 8 जुलैला पुन्हा भेटले. बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह 11 जुलैला टाइम साप्ताहिकाच्या मॅथ्यू कूपर यांच्याशी बोलले, आणि नोव्हॅक यांना दुजोराही त्यांनीच दिला. हा रकाना भरला की एक गोष्ट उघड दिसते. नोव्हॅक यांचे दोन सूत्र आर्मिटेज आणि रोव्ह. लिबी त्यात नाहीत. नोव्हॅकना लिबींनीच सांगितलं असं धरणं, बुशविरोधकांच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही.

पण याच रकान्यावरून समर्थकांचं "आर्मिटेजनी फोडलं, विषय संपला" हेही टिकत नाही. लिबी मिलर यांच्याशी 23 जूनला बोलले, म्हणजे स्तंभ यायच्या तीन आठवडे आधी. एकाने आधी सांगितलं म्हणून दुसऱ्याने सांगितलेलं पुसलं जात नाही.

कलम-६०१

कायद्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण "गुन्हा झाला" आणि "गुन्हा झालाच नाही" ही दोन्ही वाक्यं लोक एकाच कायद्याकडे बोट दाखवून म्हणतात.

तो कायदा 1982 चा, गुप्त अधिकाऱ्यांच्या ओळखीच्या संरक्षणाचा. 1975 च्या डिसेंबरमध्ये अथेन्समधले सीआयएचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांची हत्या झाली. सीआयएतून बाहेर पडलेले फिलिप एजी आणि त्यांच्या वर्तुळातले लोक तेव्हा अधिकाऱ्यांची नावं जाहीर करत होते. त्या वातावरणातून हा कायदा आला. गुन्हा सिद्ध व्हायला कायद्याची प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे चढावी लागते. सांगणाऱ्याला ती माहिती अधिकृत वाटेने मिळालेली असली पाहिजे. त्याने जाणूनबुजून आणि अनधिकृत व्यक्तीला सांगितलं पाहिजे. सरकार ही ओळख लपवण्यासाठी प्रत्यक्ष उपाय करत आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे. आणि तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे त्या अधिकाऱ्याने गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर सेवा केलेली असली पाहिजे.

शेवटच्या पायरीवर सगळ्यात जास्त रण माजलं. कायद्याच्या मसुद्यावर काम केलेल्या व्हिक्टोरिया टोएन्सिंग यांचं म्हणणं होतं की प्लेम व्याख्येत बसत नाहीत. पुढे 2007 च्या मे महिन्यात या प्रकरणाच्या तपासासाठी नेमलेले विशेष वकील फिट्झजेराल्ड यांनी लिबी यांच्या खटल्यात सीआयएचा सारांश सादर केला. त्यात प्लेम गुप्त अधिकारी होत्या असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि जानेवारी 2002 नंतर निदान सात वेळा, दहाहून जास्त देशांत कामासाठी गेल्या, दर वेळी कव्हर (खरी नोकरी लपवणारी ओळख) वापरूनच, हेही होतं. मात्र हा सारांश शिक्षा सुनावण्याच्या टप्प्यावर आला. या मुद्द्यावर ज्युरीने कधीच निकाल दिलेला नाही. म्हणून "न्यायालयाने त्यांना गुप्त अधिकारी ठरवलं" असं लिहू नका. "त्या साध्या कारकून होत्या" असंही लिहू नका, ते सारांशाच्या थेट विरुद्ध जातं.

खरा अडसर 'माहीत असलं पाहिजे' या पायरीचा. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे दाखवायचं कसं?

शाईचे डाग

"मग नोव्हॅकना का पकडलं नाही?" हा प्रश्न हमखास येतो. कलम-६०१, तुमच्या मजकुराला जोडून सांगते: ज्यांना गुप्त माहिती अधिकृतपणे मिळत नाही त्यांच्यासाठी त्या कायद्यात वेगळं पोटकलम आहे. अधिकाऱ्यांना हुडकून उघडं पाडण्याचा सततचा उद्योग दाखवावा लागतो. एक स्तंभ म्हणजे असा उद्योग होत नाही.

पत्रकारांच्या बाबतीत गोंधळ होतो तो तुरुंगवासावरून. मिलर यांनी या विषयावर एक ओळही छापली नव्हती, तरी 6 जुलै 2005 रोजी त्यांना तुरुंगात पाठवलं गेलं आणि 85 दिवस त्या आत होत्या. ही शिक्षा नव्हती. ग्रँड ज्युरीसमोर (आरोप ठेवायचे का हे ठरवणारी नागरिकांची ज्युरी) साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे न्यायालयाच्या अवमानाखाली ठेवलेला दबाव होता, साक्ष द्यायला तयार झाल्या की सुटका. आधार होता 1972 चा ब्रांझबर्ग निकाल, ज्यात पत्रकाराला ग्रँड ज्युरीपुढे गप्प राहण्याचा घटनात्मक हक्क मान्य झाला नाही.

दुसरा मुद्दा सूत्राच्या संमतीचा. लिबी यांनी आधी छापील नमुन्यावर सरसकट संमती दिली होती. मिलर यांनी ती ग्राह्य धरली नाही, कारण वरिष्ठांच्या हुकमाने घेतलेली सही स्वेच्छेची मानता येत नाही. लिबी यांनी स्वतः पत्राने आणि फोनवर मोकळीक दिली तेव्हा त्या बोलल्या. पत्रकारितेत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा: नमुन्यावरची सही वेगळी आणि माणसाने स्वतःहून दिलेला शब्द वेगळा.

मिलर यांची वही मुद्दाम डोळ्यांसमोर आणा. तिच्यात 'व्हॅलेरी फ्लेम' असं लिहिलेलं आहे, 'प्लेम' नाही. हे नाव कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही, असं मिलर यांनी सांगितलं. 8 जुलैच्या भेटीत लिबी यांनी आपला उल्लेख 'संसदेतला माजी कर्मचारी' असा करायला सांगितलं होतं. एके काळी ते तिथे काम करत होते, म्हणून शब्द खोटा नाही. पण वाचकाला त्यावरून व्हाइट हाऊसचा वास येणार नाही, ही त्यातली गोम. बातमीत 'माजी अधिकारी', 'जाणकार' असं दिसलं की हा शब्द कोणी निवडला, हे आधी विचारा.

पाटीपेन्सिल

"नाव तर सगळ्यांना माहीत होतं, मग गुपित कसलं?" यावर दोन ओळी. 'प्लेम' हे माहेरचं नाव नोव्हॅक यांनी 'हूज हू' या परिचयकोशातल्या विल्सन यांच्या नोंदीतून घेतलं. नाव उघडच होतं. गुपित होता तो नाव आणि नोकरी यांमधला दुवा. विल्सन यांची बायको कोण, हे शेजाऱ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि ती सीआयएत आहे हे ठाऊक असणं वेगळं.

परिच्छेदाच्या खुणा

सरकारी कागद हाताळणाऱ्यांसाठी. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने 10 जून 2003 रोजी एक टिपण केलं होतं. तेच 7 जुलैला परराष्ट्रमंत्री पॉवेल यांच्यासाठी नव्याने पाठवलं गेलं. ते तेव्हा अध्यक्षांबरोबर आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले होते. त्यात प्लेम यांचा उल्लेख 'व्हॅलेरी विल्सन' असा आहे, 'प्लेम' नाही. आणि त्या परिच्छेदाच्या सुरुवातीला 'एस-एनएफ' ही खूण आहे. एस म्हणजे गुप्त, एनएफ म्हणजे परदेशी व्यक्तीला दाखवायचं नाही.

अमेरिकी पद्धतीत खूण दर परिच्छेदाला वेगळी असते. पानाच्या वर-खाली लिहिलेली श्रेणी ही त्या पानावरच्या सगळ्यात गुप्त परिच्छेदाची असते. त्यामुळे वाचणारा "ही ओळ उघड होती असं वाटलं" म्हणू शकतो, पण परिच्छेदाची खूण बघितली तर नाही. उलट बाजूही न्यायाने सांगतो. 'एस' खूण परिच्छेदाची असते, त्यातल्या प्रत्येक शब्दाची नसते. अमुक बाई गुप्त अधिकारी आहेत, असं ती खूण सांगत नाही.

आणखी एक. गुप्त माहिती पाहण्याची परवानगी घेताना एसएफ-312 या नमुन्यावर सही होते. छापून आलेल्या गुप्त माहितीला दुजोरा देणं हाही त्याचा भंग ठरू शकतो. "मी फक्त 'हो, मीही ऐकलंय' म्हणालो" हा बचाव नोकरीच्या नियमांपुढे चालत नाही, गुन्हा सिद्ध होवो न होवो.

नायजर-पाणी

युरेनियमकडे सगळेच पाठ फिरवतात, म्हणून लिहिते. मूळ कागद, जे पुढे बनावट ठरले, ते वर्षाला 500 टन युरेनियमच्या सौद्याचे होते. नायजरमधल्या दोन्ही खाणी फ्रेंच कंपनीच्या नेतृत्वाखालच्या गटांच्या हातात होत्या. इतका माल कोणाच्या लक्षात न येता बाहेर काढणं अवघड, हे विल्सन यांचं निरीक्षण. 7 मार्च 2003 रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते कागद अस्सल नसल्याचं सुरक्षा परिषदेला सांगितलं.

विल्सन समर्थकांची घसरण इथे होते: विल्सन यांनी सौद्याचा बनाव पकडला, असं म्हटलं जातं. ते कागद अमेरिकेला मिळाले ऑक्टोबर 2002 मध्ये, विल्सन परतल्यानंतर सात-आठ महिन्यांनी. कागदांवरच्या नावा-तारखांबद्दल पत्रकारांशी बोलताना आपली गल्लत झाली असावी, हे त्यांनी पुढे सिनेटच्या समितीपुढे मान्य केलं. त्यांनी तपासली ती शक्यता. कागद त्यांच्या हाती नव्हते. शिवाय नायजरचे माजी पंतप्रधान मायाकी यांनी 1999 मधल्या एका इराकी शिष्टमंडळाची भेट त्यांना सांगितली होती, 'व्यापार वाढवू' याचा अर्थ मायाकी यांनी युरेनियम असा घेतला होता. हा तुकडा विल्सन यांच्या लेखात नाही, सिनेटच्या 2004 च्या अहवालात आहे.

विरोधकांची घसरण: "बायकोने नवऱ्याला सहलीला पाठवलं". आठ दिवस, मानधन शून्य, फक्त प्रवासखर्च. बायकोने नाव सुचवलं का, यावर दोन कागद आमनेसामने आहेत. सिनेटच्या अहवालात 12 फेब्रुवारी 2002 चं प्लेम यांचं टिपण आहे, नवऱ्याच्या नायजरमधल्या ओळखी सांगणारं. आणि 16 मार्च 2007 ची त्यांची शपथेवरची साक्ष आहे, की आपण नाव सुचवलं नाही. दोन्ही वाचा. पाठवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

बावीस पानं

लिबी यांचं आरोपपत्र बावीस पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. त्यात ओळख फोडण्याचा आरोप नाहीच. पाच आरोप: न्यायात अडथळा एक, खोटं निवेदन दोन, खोटी साक्ष दोन. 6 मार्च 2007 ला चार सिद्ध, एक नाही. तीस महिने कैद, अडीच लाख डॉलर दंड.

वाचताना जूनमधल्या नोंदींवर खुणा करा: परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ, सीआयएचा अधिकारी, खुद्द चेनी, असे एकेक जण लिबी यांना विल्सनच्या बायकोबद्दल सांगत आहेत. मग 7 जुलैला व्हाइट हाऊसचे प्रवक्ते फ्लायशर यांच्याबरोबरचं जेवण, तिथे लिबी स्वतः सांगत आहेत. आणि साक्षीत त्यांचं म्हणणं काय, तर 10 जुलैला टीव्ही पत्रकार टीम रसर्ट यांच्याकडून ऐकलं तेव्हा नवीनच वाटलं. रसर्ट म्हणाले, असं बोलणं झालंच नाही. बचाव विस्मरणाचा होता, पण त्या यादीपुढे तो टिकला नाही.

आर्मिटेजबद्दल समर्थकांची तक्रार मला पूर्ण अवाजवी वाटत नाही. त्यांनी ऑक्टोबर 2003 मध्येच तपास यंत्रणेला सांगितलं होतं, आणि जनतेला कळलं 2006 मध्ये. तीन वर्षं संशय इतरांवर राहिला. मात्र लिबी यांच्या एफबीआयपुढच्या दोन मुलाखतीही 2003 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या. फिट्झजेराल्ड नेमले गेले 30 डिसेंबरला. त्यांच्या हाती आलेल्या फाइलमध्ये दोन्ही गोष्टी होत्या.

तारीखवार

बावीस पानं, एक जोडतो. एप्रिल 2006 मध्ये बातमी आली की बुश यांनी लिबी यांना माहिती द्यायला परवानगी दिली होती. ती इराकच्या शस्त्रांवरच्या ऑक्टोबर 2002 च्या गुप्तवार्ता अंदाजाबद्दल होती. प्लेम यांच्या नावाबद्दल नव्हती. या दोन परवानग्यांची सरमिसळ अजून होते.

कव्हर

नुकसान काय झालं, यावर सगळे हवेत बोलतात. दिसणारा एक धागा आहे. 1999 मध्ये प्लेम यांनी अल गोर यांच्या प्रचाराला 1,000 डॉलर दिले. निवडणूक आयोगाच्या नोंदीत नोकरीचं ठिकाण लिहावं लागतं. तिथे 'ब्रूस्टर जेनिंग्ज' असं होतं. नाव छापून आल्यावर ही उघड नोंद शोधायला फार वेळ लागला नाही. ती सीआयएची कागदोपत्री कंपनी. एका व्यक्तीचं कव्हर गेलं की तेच नाव पुढे करणाऱ्या इतर कोणाचंही जातं, आणि परदेशात तिला भेटलेल्या माणसांकडे तिथलं सरकार मागे वळून बघतं. सविस्तर मूल्यमापन जाहीर नाही, म्हणून "माणसं मेली" किंवा "काहीच झालं नाही" यांपैकी काहीही ठामपणे म्हणू नये.

सह्याद्रीकडून

आपल्याकडे तुलना करताना जपून. इथे 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम पुढे येतो. गुप्तवार्ता संघटनांतल्या कर्मचाऱ्यांनी वृत्तपत्रांशी बोलण्यावर 1985 च्या कायद्याने बंधनं आहेत. माहिती अधिकाराच्या कलम 24 ने आयबी आणि रॉ बाहेर ठेवलेत, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती सोडून. त्यामुळे तिथल्यासारखा ओळखीच्या व्याख्येवरचा वाद इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही.

कलम-६०१

शिक्षेचंही नीट लिहू. 2 जुलै 2007 रोजी बुश यांनी फक्त कैद रद्द केली, दोष आणि दंड राहिले. पूर्ण माफी ट्रम्प यांनी दिली, 13 एप्रिल 2018 ला. प्लेम-विल्सन यांचा दिवाणी दावा जुलै 2007 मध्ये फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने जून 2009 मध्ये ऐकायला नकार दिला.

आणि "हे एकाच पक्षाचं" म्हणणाऱ्यांनी मे 2014 बघावं. ओबामा अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर गेले तेव्हा उपस्थितांची यादी व्हाइट हाऊसकडून पत्रकारांना गेली. तीत काबूलमधल्या सीआयए प्रमुखाचं नाव पदासकट होतं. तिथे सूड नव्हता, निष्काळजीपणा होता. कायद्याच्या 'जाणूनबुजून' या शब्दाला तो लागू होत नाही. पण यादी वाचणाऱ्याला नाव दिसलंच. तिथे चूक झाली ती यादी वाचून न बघता पुढे ढकलण्याची. दुसरी यादी नाव गाळून पाठवली गेली, तोवर पहिली हजारो जणांच्या टपालपेटीत पोचली होती.