वेताळ अजून खांद्यावरून का उतरत नाही?

गोदाकाठी (परभणी)
उन्हाळ्यात भरदुपारी लाईट गेली, मोबाईल बंद पडला आणि नऊ वर्षांचा भाचा गोष्टीला लागला. मी वेताळाची सांगितली. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं. बोलला तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. भाचा म्हणाला, “मामा, राजा तर दोन्हीकडून फसला!” पुढं अर्धा तास गडी पळवाट शोधत होता. माझं म्हणणं एवढंच: जुन्या अद्भुतकथा जादूवर टिकल्या नाहीत, जादूला घातलेल्या कडक नियमावर टिकल्या. आजच्या बऱ्याच पुस्तकांत नायक अडला की त्याला नवी ताकद मिळते. पोरं ही लबाडी बरोब्बर पकडतात.

बालाघाटी (बीड)
काही पटलं नाही बुवा. ही पुस्तकं टिकली कारण ती विकत घेणारा बाप असतो, आणि बाप स्वतः लहानपणी वाचलेलंच घेतो. माझ्या पोरीला ‘ॲलिस इन वंडरलँड’ या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर आणलं. वीस पानांत कंटाळली. त्यातली कितीतरी गाणी म्हणजे तिकडच्या पोरांना पाठ असलेल्या कवितांची विडंबनं. मूळ कविताच ऐकली नाही, तर हसायचं कशाला? आणि तुमच्या मोबाईलला चार्जिंग असतं तर भाचा आला असता का, खरं सांगा.

गोदाकाठी
विडंबनाचं मान्य. मोबाईलचंही, थोडंफार. पण बापाचं नाही. ॲलिसची गोष्ट १८६२ च्या जुलैत नावेतून फिरताना तीन बहिणींना तोंडी सांगितलेली, छापली १८६५ ला. टॉल्किनच्या ‘हॉबिट’ या अद्भुतकथेचं हस्तलिखित प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, अभिप्राय लिहायचा एक शिलिंग दिला. पोरानं चांगलं म्हटलं, १९३७ ला पुस्तक आलं.

बालाघाटी
प्रकाशकाचं पोरगं! ज्याच्या घरात पुस्तकांच्या थप्प्या, त्याचं मत. आमच्याकडं ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं निम्मं वर्ष फडावर असतात. त्यांना कोण शिलिंग देतंय?

उदगीरची आत्या
भांडायलेत कामून? वेताळ कुठला, ते तरी बघा. सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ हा गोष्टींचा संस्कृत ग्रंथ लिहिला काश्मिरात, अकराव्या शतकात. पण त्यातला वेताळाला खांद्यावर नेणारा राजा त्रिविक्रमसेन, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे आपलं पैठण!

त्याच ग्रंथात गुणाढ्याची गोष्ट आहे. त्यानं सात लाख श्लोकांची कथा पैशाची नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत लिहिली, सातवाहन राजानं ती नाकारली. मग तो रानात एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, डुकरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली. राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी झाली. तोवर सहा लाख जळून गेले होते. तिथं कोणता बाप पुस्तक विकत घेत होता?

पण गोदाकाठीभाऊ, तुमचा नियमही मला अर्धाच पटतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पोरांना मसण पाहिजे असतं, खांद्यावरचं मढं पाहिजे असतं. भीती काढून घेतली की गोष्ट दूधभातासारखी लागते.

बालाघाटी
आत्या, हरणांना मोबाईल नव्हता.
पण एक कबूल करतो. काल पोरीला विचारलं, राजानं काय करावं? म्हणाली, “मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं.”

गोदाकाठी
चुकीचं बोललं तरी तोंड उघडलंच की. वेताळ झाडावर.

बालाघाटी
हेच सांगितलं. तर म्हणते, “मग मसणातल्या राखेत बोटानं लिहून दाखवायचं. गप्पही राहिला, उत्तरही दिलं.” आता सांगा, काय म्हणतो तुमचा कडक नियम?

उदगीरची आत्या
शाब्बास गं बाई! पण अंधारात वेताळाला वाचता येईल का?

गोदाकाठी
थांबा, भाच्याला विचारून सांगतो. आत्ता लाईट आहे, मोबाईलवर बसलाय.