वर्तुळात नाव लिहिलं आणि सगळा वर्ग चुकला

पंचवटीच्या_बाई
मी नाशिकला पंचवटीत संध्याकाळी नववीचा गणिताचा वर्ग घेते. मुलं बरीचशी म्हसरूळ, मखमलाबादकडची, शेतकऱ्यांच्या घरची. संच शिकवताना त्यांनाच विचारलं, घरी द्राक्षबाग कुणाकडे, कांदा कुणाकडे? ३० जणांत द्राक्षं १४, कांदा १७, दोन्ही ६, दोन्ही नाही असे ५.

फळ्यावर वेन आकृती काढली, म्हणजे एकमेकांवर थोडी चढलेली दोन वर्तुळं, एका संचाला एक. डावं वर्तुळ हिरव्या खडूने भरलं, उजवं गुलाबी. मधे खडूवर खडू बसून मातकट रंग झाला. डाव्या चंद्रकोरीत ‘द्राक्षं’ लिहून खाली ८, मधे ६, उजवीकडे ‘कांदा’ आणि ११. मग विचारलं, द्राक्षं एकूण किती घरी? जवळजवळ सगळ्या वह्यांत ८!

मुलांचं लक्ष नाही म्हणून मी रागावले. तेव्हा दिंडोरीकडून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्याकडे दोन्ही आहे. आम्ही मधल्या रंगात आहोत, द्राक्षांत नाही." मी फळ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. ‘द्राक्षं’ हा शब्द फक्त चंद्रकोरीत होता आणि मधल्या भागाला मीच तिसरा रंग देऊन बसले होते. तिने आकृती जशी दिसली तशीच वाचली. रागावल्याचं फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलंही.

दुसऱ्या तुकडीत रंग भरला नाही. नुसत्या रेषा, एक हिरवी, एक गुलाबी. नाव वर्तुळाबाहेर, रेषेला चिकटून, त्याच रंगात. एका मुलाला हिरव्या रेषेवरून पूर्ण बोट फिरवायला लावलं. ८ आणि ६ मिळून १४, हे त्यानेच सांगितलं.

आता टोमॅटो घ्यायचा आहे. तिन्ही पिकं असलेलं घर वर्गात एकही नाही. मग मधला भाग ठेवू की काढू? आणि आकड्याप्रमाणे वर्तुळं लहानमोठी करावीत का?

आकडेमोड
बाई, मधल्या भागाच्या प्रश्नात दोन परंपरा आहेत. गणितज्ञ ऑयलरची वर्तुळं १७६८ साली छापलेल्या पत्रांत आहेत. त्यांत जे नाही ते काढायचंच नाही. इंग्लिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेनने १८८० मध्ये उलट वाट धरली: शक्य ते सगळे भाग काढायचे आणि रिकामा भाग छायांकित करायचा. तीन संचांना बाहेरचा धरून ८ भाग. नववीला वेनचीच पद्धत ठेवा. ‘इथे कुणीच नाही’ हे मुलांना दिसलं पाहिजे. चौथं पीक मात्र वर्तुळांनी जमणार नाही. भाग १६ लागतात आणि चार वर्तुळांतून जास्तीत जास्त १४ निघतात. वेनने तिथे लंबवर्तुळं वापरली.

लहानमोठी करू नका. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा फसतो. आकार मात्र वर्तुळाचाच ठेवा: इंग्लंडमधल्या ब्राइटन आणि केंट विद्यापीठांतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या आकारांत काढलेल्या संचांच्या आकृत्या लोकांकडून वाचून घेतल्या. वर्तुळं चौकोनांपेक्षा बरी ठरली. आकृती फिरवल्याने मात्र फरक पडला नाही.

सिडको_झेरॉक्स
ताई, आमच्याकडे क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका रोज येतात. रंगीत आकृतीची झेरॉक्स काढली की हिरवा आणि गुलाबी दोन्ही सारखेच करडे होतात. कागदावर द्यायची असेल तर एक रेषा सलग आणि एक तुटक ठेवा. शिवाय काही मुलांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, ती विचारतही नाहीत. आणि दोन्ही वर्तुळांभोवतीचा बाहेरचा चौकोन विसरू नका. तो नसला तर तुमची ती ५ घरं कागदावर कुठेच राहत नाहीत.

निवृत्त_गुरुजी
मी हे अंगणात सुतळीने करायचो. दोन मोठी कडी जमिनीवर, पोरं आपापल्या जागी उभी. मग म्हणायचं, "द्राक्षवाले, हात वर!" मधली पोरं आधी गोंधळतात, पायाखालची सुतळी बघतात आणि मग दोन्ही हाकांना हात वर करतात.

पंचवटीच्या_बाई
गुरुजी, उद्याच सुतळी नेते. चौकोन मी खरंच काढला नव्हता, त्या पाच जणांना मी विचारलंसुद्धा नाही. दिंडोरीच्या मुलीला मधे उभी करते, आधी द्राक्षांची हाक, मग कांद्याची. टोमॅटोचा मधला भाग छायांकित ठेवते.