पहिली रायफल पार्ट जुळवून घरीच बांधायची म्हणतोय, काय काय घेऊ?

लेथवाला_इचलकरंजी

नमस्कार मंडळी, आतापर्यंत इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारतात ती) ब्राँझ घेतलं तेव्हापासून डोक्यात रायफल बसलीय ती उतरायला तयार नाही. आमचं वडिलांपासूनचं वर्कशॉप आहे, लूमचे स्पेअर करतो, लेथ आहे, मिलिंग आहे, एक जुना सरफेस ग्राइंडर पण आहे. यूट्यूबवर अमेरिकेतली पोरं बघतो, बॅरल एकाकडनं, ॲक्शन (गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) दुसरीकडनं, ट्रिगर तिसरीकडनं मागवतात आणि शनिवार रविवारात गॅरेजमध्ये रायफल उभी. मला पॉइंट टू टू ची तशीच एक करायचीय, फक्त टार्गेटसाठी, शिकारबिकार काही नाही. बॅरल कुठली बघू, ट्रिगर रेडिमेड घेऊ का स्वतः करू, स्टॉक सागवानाचा चालेल का? बजेट दीड लाख, थोडं वर गेलं तरी चालेल. उंची ५ फूट ११, आणि मी डावरा आहे, हे पण लक्षात घ्या.

कोर्टाची_पायरी

भावा, ऑनलाइन कार्टात काही पार्ट टाकले असशील तर पहिलं काम म्हणजे ते कार्ट रिकामं कर. गंमत नाही करत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, काही राज्यांचे नियम कडक आहेत पण एकंदरीत त्यांच्याकडे तो रीतसर छंद आहे. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, लायसन्सशिवाय शस्त्र बनवायचं नाही, जोडायचं नाही, कुणाचं दुरुस्त पण करून द्यायचं नाही. आणि शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे पार्ट आणि ते बनवायची मशिनरी येते, म्हणजे नुसती बॅरल घरात सापडली तरी 'पूर्ण रायफल कुठाय' हा बचाव चालत नाही, आणि तुझा लेथ पण पंचनाम्यात जाईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. वडिलांच्या वर्कशॉपचं नाव त्यात कशाला आणतोस.

टार्गेटसाठीच पाहिजे ना, मग एअर रायफल घे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी म्हणजे पॉइंट वन सेवन सेवन बोअर आणि २० ज्यूलच्या आत ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. मॅचची १० मीटरची रायफल ७-८ ज्यूलच्या आसपास असते. पण ती पण विकतच घे, एअरगनची बॅरल आणि ॲक्शन घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नको. लायसन्स लागत नाही याचा अर्थ गच्चीतून कबुतरं मारायला मोकळा असा काही जण लावतात, तसं पण काही नाही.

दहा_पॉइंट_नऊ

वकीलसाहेबांनी योग्य तेच सांगितलं, आता जरा कामाचं बोलू. दादा, तू विचारतोयस त्याचा क्रम उलटा आहे असं मला वाटतं. यूट्यूबवर सगळं बॅरल आणि ट्रिगरभोवती फिरतं कारण तिथं तेच विकायचं असतं. १० मीटरला बॅरल हा प्रॉब्लेमच नाही. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अ‍ॅन्शुट्झ, स्टायर, यातली कुठलीही मॅच रायफल क्लॅम्पला लावून मारली की छर्रे एकाच भोकातून जातात, आणि टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा आहे तरी. रायफल तुझ्यापेक्षा चांगलीच मारणार, पुढची पाच वर्षं तरी. फरक पडतो तो तिला तुझं अंग कुठं कुठं लागतं तिथं. बटप्लेट (मागचं टोक) खांद्यात कशी बसते, गाल चीकपीसवर (गाल टेकायच्या भागावर) टेकला की डोळा आपोआप पीप साइटच्या, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या साइटच्या मधोमध येतो का मान वाकडी करावी लागते, ग्रिप हातात भरते का, आणि पुढचा हात धरतो तिथली उंची. ५ फूट ११ च्या माणसाला डाव्या-उजव्या दोन्ही हातांना 'चालणारा' क्लबचा लाकडी स्टॉक दिला तर तो रायफलला शरीर जुळवत बसतो, आणि ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, चाळिसाव्या शॉटला कंबर बोलायला लागते.

म्हणून माझं मत, अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची बेसिक लेव्हलची रायफल बघ. त्यात ग्रिप, चीकपीस, बटप्लेट सगळं सुटं असतं, मागंपुढं, वरखाली, तिरकं हलतं, डावऱ्यासाठी फक्त ग्रिप आणि चीकपीस वेगळी मागवायची, अख्खी रायफल नाही. कॉकिंग लिव्हर, म्हणजे दर शॉटला छर्रा भरायला ओढायचा दांडा, कुठल्या बाजूला आहे ते मात्र घेण्याआधी विचार, काही मॉडेलला बाजू बदलता येते, काहींना नाही. वरच्या मॉडेलला जे जास्तीचे पैसे जातात ते बरेचसे अजून बारीक ॲडजस्टमेंट आणि दिसण्याला जातात, तुला आत्ता गरज नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर तर नकोच.

आणि डावरा म्हणजे डोळा कुठला? हाताचं सोड, दोन्ही हातांचा त्रिकोण करून लांबची वस्तू बघ, एकेक डोळा मिटून बघ, कुठला उघडा असताना वस्तू त्रिकोणात राहते. डावरा हात आणि उजवा डोळा असे बरेच जण असतात, त्यांनी कुठल्या बाजूनं मारायचं हे कोचनं ठरवलेलं बरं, स्टॉक त्यानंतर.

पनवेलची_आई

माझी मुलगी शाळेपासून मारते, त्यामुळे पैसे कुठे जातात ते मला या सगळ्यांपेक्षा चांगलं माहितीये 😄 दादा, रायफलचं बजेट सांगितलंत पण जॅकेट? ट्राउझर? शूज? रायफलवाल्यांचं जॅकेट कॅनव्हास आणि लेदरचं, मापावर शिवलेलं लागतं, पाठीला आणि कंबरेला आधार तेच देतं. रेडिमेड मोठं घेऊन आत स्वेटर घालणाऱ्यांचे हाल मी बघितलेत. आणि त्याला नियम आहेत, एका थराची जाडी २.५ मिमीच्या वर नको, कडकपणा मशीनवर मोजतात, शूजचा सोल १० मिमीच्या वर नको आणि तो वाकला पाहिजे. नवीन कडक जॅकेट दुकानात छान वाटतं आणि स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीला अडकतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला स्पर्धेच्या सकाळी हे कळलं, विकणाऱ्यानं फोन उचलला नाही. म्हणून मी म्हणेन जॅकेट आधी, रायफल नंतर. क्लबची रायफल वापरायला मिळते, दुसऱ्याचं जॅकेट कुणाला होत नाही.

बाकी छर्रे, टार्गेट, रेंजची फी, रायफलीचं हवेचं सिलिंडर भरणं, हे महिन्याचं चालूच राहतं, ते दीड लाखात धरू नका.

दहा_पॉइंट_नऊ

@पनवेलची_आई ताई, जॅकेटचं पटतं, पण आधी थोडे दिवस जॅकेटशिवाय मारू दे की त्याला. टी शर्टवर उभं राहून तोल कुठं जातो ते कळतं, कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून रायफल हाडांवर तोलायची, स्नायूंवर नाही, हे जॅकेटच्या आत लपून जातं. आमच्याकडे नवीन पोरांना सुरुवातीला जॅकेट देतच नाहीत.

पनवेलची_आई

थोडे दिवस ठीक आहे. पण नंतर कंबर धरली की आयुर्वेदिक तेल चोळायला तुम्ही येणार का?

सातारकर_काका

पोरांनो, सगळे नवीनच काय घ्यायला सांगताय. माझ्याकडे फाइनवेर्कबाऊ ६०३ आहे, जुनी सिंगल स्ट्रोकवाली, बाजूची लिव्हर एकदा ओढली की एका शॉटची हवा तयार. सिलिंडर नाही, पंप नाही, २०० बारचा गेज नाही, एक्स्पायरीची भीती नाही. सील गेलं की सीलकिट टाकायचं, बाकी मरत नाही. दर शॉटला लिव्हर ओढायची म्हणून स्पर्धेत दमवते, ते कबूल, पण घरी आणि क्लबात शिकायला यासारखी दुसरी नाही, आणि सेकंडहँडला आजच्या रायफलीच्या मानानं बरीच स्वस्त पडते. स्प्रिंगवाली मात्र टाळ, साधी स्प्रिंगची गन धक्का देते आणि छर्रा बाहेर पडायच्या आतच हलते, सुरुवातीलाच वाईट सवयी लागतात.

सिलिंडरवाली सेकंडहँड घेणार असशील तर पहिलं सिलिंडरवर छापलेली तारीख वाच. तिची मुदत १० वर्षं असते, ती संपली की मोठ्या स्पर्धेत घेत नाहीत, आणि नवीन सिलिंडरचा खर्च ऐकून विकणारा का विकतोय ते कळतं. 'दोन वर्षं वापरलीय फक्त' म्हणणाऱ्याकडं सिलिंडर नऊ वर्षांचं असू शकतं, कारण ती तारीख बनवल्यापासूनची असते, वापरल्यापासूनची नाही.

लेथवाला_इचलकरंजी

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पायरीसाहेब, कार्ट रिकामं केलं, बायकोला पण सांगितलं, ती खूश. डोळ्याची टेस्ट केली, डोळा पण डावाच आहे. कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर जाऊन येतो या रविवारी. पण खरं सांगू का, मला नेमबाजीइतकंच बनवण्यात पण इंटरेस्ट आहे. विकत आणून नुसती वापरायची म्हणजे हाताला चैन पडणार नाही. माझ्या हातानं करता येईल असं काही आहे का यात, कायद्यात बसून?

सातारकर_काका

आहे की, आणि तेच सगळ्यात मजेचं काम आहे. हवेच्या रायफलीची बॅरल, ॲक्शन, ट्रिगर, व्हॉल्व्ह याला हात लावायचा नाही, ते कारखान्याचं. पण लाकूडकाम तुझं. ग्रिप कर. हातात मेणाचा किंवा लाकडाच्या पुट्टीचा गोळा घेऊन रायफल धरल्यासारखी मूठ दाब, तो ठसा घेऊन अक्रोड किंवा बीच लाकडात कोर. सागवान चालतं पण तेलकट असतं, चिकटवायला त्रास देतं. माझ्या ग्रिपवर मी मधूनमधून कानस फिरवत असतो, अजून झाली म्हणत नाही.

मग चीकपीस, तुझ्या गालाच्या हाडाला जुळेल असं, मागं पुढं सरकणारं. बटप्लेटचे रॉड, तुझ्या मिलिंगवर अ‍ॅल्युमिनियममध्ये मस्त होतील. साइटखाली लागणारे राइझर ब्लॉक, मान सरळ राहावी म्हणून साइट वर उचलायला, पुढची आणि मागची दोन्ही सारखी उचलायची हे विसरू नको. वजनं पण कर, पितळेची, पुढं लावायला, सरकती.

दहा_पॉइंट_नऊ

काकांच्यात भर घालतो, करायच्या आधी आयएसएसएफचं (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेचं) रूलबुक समोर ठेव, मापं तिथं मिलिमीटरमध्ये आहेत आणि कॅलिपरवाल्या माणसाला ते वाचायला आवडेल. सगळ्यासकट वजन ५.५ किलोच्या आत. पुढचा भाग बॅरलच्या मध्यरेषेपासून खाली १२० मिमीपेक्षा जास्त नको, जाडी ६० मिमीच्या आत. १० मीटरला थंबहोल (अंगठ्याचं भोक), थंबरेस्ट (अंगठ्याचा टेकू), पामरेस्ट (पुढच्या तळहाताचा टेकू) काही चालत नाही, स्पिरिट लेव्हल पण नाही. पुढच्या हाताखाली रबर किंवा खरखरीत काही चिकटवायचं नाही. पुढच्या साइटवर लेन्स नाही, चष्मा असेल तर नंबरची लेन्स मागच्या साइटला लावता येते.

वजनं करतोयस तर घाई नको करू, सुरुवातीला रायफल हलकीच ठेव, ताकद आली की एकेक वाढव. पुढच्या साइटची रिंग, जिच्यातून टार्गेटचं काळं बघतोस ती, पण मोठीच घे. टार्गेटचं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं आहे, रिंग घट्ट घेतली की काळ्याभोवतीची पांढरी कड बारीक होते आणि माणूस परफेक्ट दिसेपर्यंत ट्रिगर धरून बसतो. मोठी रिंग असली की सोडायला धीर येतो.

कोर्टाची_पायरी

आणि रेंजवर नेताना केसमध्ये, चेंबरला सेफ्टी फ्लॅग (रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी) लावून, खरेदीचं बिल आणि ओळखपत्र केसमध्येच. नाकाबंदीला हवालदारसाहेबांना १० मीटरची एअर रायफल आणि ५० मीटरची पॉइंट टू टू यांच्यातला फरक समजावत बसायची हौस असेल तर बिल घरी ठेव. पॉइंट टू टू मारायचीच असेल तर क्लबची मेंबरशिप घे, तिथं रीतसर असतात, नंतर लायसन्सचं बघ.

लेथवाला_इचलकरंजी

काका, अक्रोड इकडं मिळत नाही, बीच पण फर्निचरवाल्याकडं तुकड्यातच. जुन्या शिसवीच्या दाराची चौकट आहे घरात, आजोबांच्या वाड्यातली. ती चालेल का ग्रिपला?

सातारकर_काका

शिसवी जड असते आणि कानस खाते, पण ग्रिप एवढीशी, वजनाचं काही नाही. खिळे काढून घे आधी, नाहीतर कटर जाईल. रेषा उभ्या येतील असा तुकडा काप, आडव्या रेषांवर बोल्टचं भोक पाडलंस तर चिरेल. आणि पॉलिश मारू नको, घामानं निसटते, नुसतं जवसाचं तेल दे. एक ग्रिप साध्या आंब्याच्या लाकडात करून महिनाभर मारून बघ, जिथं टोचेल तिथं पेन्सिलनं खूण कर, मग चौकटीला करवत लाव.