अनुभव धागा : परदेशात पाहिलेला फुटबॉलचा सामना

परक्या गावी गेलं की आपण चर्च, राजवाडे, संग्रहालयं पाहतो. माझं ठाम मत आहे की तिथला एक फुटबॉलचा सामना पाहिल्याशिवाय गाव पुरतं कळत नाही. टीव्हीवर खेळ दिसतो, पण सामन्याच्या दिवशी गावाच्या अंगात काय संचारतं ते दिसत नाही. लोक कुठे जमतात, काय ओरडतात, हरल्यावर घरी कसे जातात, सगळं खाली प्रतिसादांत लिहा. क्लब नामांकितच हवा असं नाही.

सुरुवात स्पेनमधल्या बिल्बाओपासून करते. अ‍ॅथलेटिक क्लबचा दंडक असा, की खेळाडू बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे घडलेला हवा. जग धुंडाळून खेळाडू विकत घेण्याच्या या काळात एवढ्याशा मुलखातल्या पोरांवर हा संघ उभा आहे आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. रिआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर हे कुणालाच जमलेलं नाही. सान मामेस मैदानाकडे जाणारा लिसेन्सियादो पोथा हा रस्ता सामन्याआधी लाल-पांढऱ्या जर्सींनी फुलून जातो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या. संघ मैदानात आला तशी त्या एकेका खेळाडूकडे बोट दाखवून त्याच्या गावाचं नाव सांगू लागल्या. भाषा मला येत नव्हती, पण गावांची नावं कळत होती. पाहुणा संघ इथे पहिल्यांदा खेळायला आला, की त्याचा कर्णधार पिचिचीच्या अर्धपुतळ्याला फुलं वाहतो. हा इथला जुना गोलवीर, 1922 मध्ये ऐन तारुण्यात गेला. अशी रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

*

माझा अनुभव जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. तिथल्या मैदानाच्या दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये जवळजवळ 25,000 माणसं उभ्याने सामना पाहतात. उभ्याचं तिकीट बसायच्या तिकिटापेक्षा खूप स्वस्त असतं, त्यामुळे विद्यार्थी, कामगार, म्हातारे सगळे एकमेकांना खेटून. गोल झाला की निवेदक खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो आणि आडनाव सगळं मैदान ओरडतं. दुसऱ्या गोलला मीही ओरडलो. पाठीवर कुणाची तरी बिअर सांडली होती, त्याचं काही वाटलं नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मताधिकाराचं बहुमत सभासदांकडेच ठेवावं लागतं. तिथे उभं राहिल्यावर ‘आमचा क्लब’ असं ते कशाच्या जोरावर म्हणतात, ते समजलं.

*

मी लिव्हरपूलला सामना पाहिला नाही, पण अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या बाहेरचं हिल्सबरो स्मारक पाहिलं. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या 97 जणांचं ते स्मारक. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. दोष प्रेक्षकांवरच ढकलला गेला होता. तो त्यांचा नव्हता, हे ज्युरीने सांगायला 2016 उजाडलं. इतकी वर्षं हे शहर त्यासाठी लढत राहिलं. एक गृहस्थ नातवाला एकेक नाव वाचून दाखवत होते. अ‍ॅनफिल्डला जाल तर आधी इथे थांबा.

*

ब्वेनोस आयरेस! बोका ज्युनियर्सच्या सामन्याची तिकिटं मुख्यतः सभासदांनाच मिळतात, त्यामुळे त्यांच्या ‘ला बोंबोनेरा’ मैदानाच्या जवळच एका पिझ्झाच्या दुकानात बसून टीव्हीवर पाहिला. टीव्हीवर चेंडू अजून मधल्या रेषेपाशी घुटमळत होता आणि बाहेरून मैदानाची आरोळी आली. दुकानातले सगळे टीव्हीकडे न बघताच उठून एकमेकांच्या गळ्यात पडले. गोल पडद्यावर दिसला तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. दुकानदाराने मला घट्ट मिठी मारली. मात्र सामना संपल्यावर त्या वस्तीत रात्री पायी भटकू नका, स्थानिक लोकही हेच सांगतात.

*

इस्तंबूलला जाणाऱ्यांसाठी : फेनरबाहचे क्लबचं मैदान आशियाच्या बाजूला, कादिकोयमध्ये आहे. युरोपच्या बाजूने बोटीनेच जा. डेकवर पिवळ्या-निळ्या मफलरवाल्यांचं गाणं सुरू होतं आणि धक्का येईपर्यंत थांबत नाही. लीगच्या सामन्याला स्वतःच्या नावाचं पासोलिग कार्ड लागतं, ते आधीच काढून ठेवा.

जपानमध्ये कुणी जे-लीगचा सामना पाहिलाय का? पुढच्या वर्षी जायचा बेत आहे. पाठीराख्यांमध्ये बसायचं असेल तर कोणत्या बाजूचं तिकीट घ्यावं?